बक्षीस मिळालेली खिडकी

माझं तोंड फटकळ आहे हे लग्न होऊन लालबागला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सांगितलं, आणि पुढे कचेरीतल्या साहेबांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. त्यामुळे मुलीने मला तिने सजवलेलं घर बघायला बोलावलं तेव्हा दोन अटी घातल्या. नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या करून आणायच्या, आणि परीक्षक असतील तोवर तोंड बंद ठेवायचं. पहिली अट मी आनंदाने मान्य केली.

मुलगी आमची एकुलती एक. घराची आतली सजावट करते, इंटिरियर म्हणतात ते. नवऱ्याबरोबर वडाळ्याला भाड्याच्या जागेत राहते आणि लोकांच्या हॉलला कुठला दगड शोभेल ते ठरवते. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, मग धाडस करून स्वतःचं काम सुरू केलं. आमच्याच कंपाऊंडमधल्या टॉवरमधलं हे घर तिचं पहिलं मोठं काम. एका घरसजावटीच्या मासिकाने शहरातल्या उत्तम घरांची स्पर्धा ठेवली होती आणि तिचं घर शेवटच्या फेरीत पोचलं होतं. बक्षीस मिळालं तर पुढची पाच वर्षं काम मागायला जावं लागणार नाही, असं ती म्हणायची. महिनाभर तिला झोप नव्हती. म्हणून म्हटलं, करते बाई खापरोळ्या, आणि बसते गप्प.

आमचं कंपाऊंड म्हणजे पूर्वीची आमची चाळ. चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या केल्या. मागची आम्हा जुन्या भाडेकरूंची, आणि पुढची, जिचा शेंडा बघताना मान मोडते, ती विकायची. दोघींची फाटकं वेगळी, वॉचमन वेगळे, मधे भिंत. टॉवरचे खालचे मजले सगळे गाड्यांचे आहेत. गाड्या संपून माणसं सुरू होतात तिथे आमचा सातवा मजला येतो. म्हणजे त्यांचा पहिला आणि आमचा सातवा अगदी समोरासमोर. आमच्या सातव्या मजल्यावरच्या खिडकीशी ह्यांची खाट आहे.

ह्यांची उजवी बाजू गेली त्याला बराच काळ झाला. बोलणं तुटक झालं, आणि गंमत म्हणजे जे उरलं ते सगळं मालवणी. आयुष्यभर सरकारी कचेरीत शुद्ध बोलून नोकरी केली, ते सगळं पुसलं गेलं आणि आईचं बोलणं तेवढं राहिलं. हसावं की रडावं कळत नाही. पण डोळे मात्र शाबूत. आणि डोळ्यांना कामाची सवय जुनी.

चाळीत असताना हे रोज संध्याकाळी गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा मुलगा अजून घरी आला नाही, कोणाच्या गॅसची गाडी चुकली, सगळं ह्यांना ठाऊक. मी चिडायचे. म्हणायचे, तुम्हाला सरकारने मजल्याचा पहारेकरी नेमलाय का? पण आमच्याकडे दिवसा कोणाचं दार बंद राहत नसे. दार उघडं, त्यावर पडदा, आणि येणाजाणाऱ्याने डोकावून ‘काय, जेवलात का’ विचारायचं. दिवसा दार बंद दिसलं म्हणजे आत काहीतरी वाईट. एकदा शेजारच्या खोलीचं दार सकाळी लावलेलं दिसलं तर हे ऑफिसला जायचे थांबले, ठोकून ठोकून कडी उचकटली. आत शेजारीण मोरीत पडलेली, शुद्ध हरपलेली. ती वाचली. तर अशी ही बघण्याची सवय. चाळीत तिला कोणी नाव ठेवलं नाही.

समोरच्या टॉवरमध्ये दिवाळीच्या सुमाराला माणसं राहायला आली. अगदी आमच्या खिडकीसमोरच्या मोठ्या काचेशी एक म्हाताऱ्या बाई सकाळी पेपर घेऊन बसायच्या. पांढरे केस, कपाळाला हे एवढं कुंकू, चष्मा साखळीला लटकवलेला. ह्यांना त्या बाई दिसल्या आणि माणूस जागा झाला. सकाळी मला घाई करायचे, तोंड धुवून दे, दाढी करून दे. मग उशीला टेकून बसायचे. बाई आल्या की डावा हात वर करायचे. मी थट्टाही केली, म्हटलं, या वयात हे थेर. तर तुटक तुटक मला सांगितलं की एवढ्या मोठ्या घरात ती बाई दिवसभर एकटी असते, कोणाचं तरी लक्ष असायला हवं.

मग एका सकाळी त्या काचेत बाईंच्या जागी राखाडी पट्ट्या दिसल्या. उभ्या, वरपासून खालपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तशाच, तिसऱ्या दिवशीही. हे अस्वस्थ. पेज पुढे केली तर तोंड फिरवलं. मला म्हणाले, “म्हातारी गेली काय गो?”

मी समजूत काढली की मोठ्या लोकांकडे पडदे असतात, ओढले असतील. पण ते त्यांना पटेना. दिवसा बंद म्हणजे बंद. रविवारी मुलगी आली तर तिलाही खुणेने विचारलं. तू त्या बिल्डिंगीत काम करतेस, तुला ठाऊक असेल. तिने मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं की आपलं काम दुसऱ्या बाजूला आहे, तिला त्या घराची काही माहिती नाही. ह्यांचं जेवण कमी होत गेलं. मी ज्या दिवशी खापरोळ्यांचा डबा घेऊन निघाले त्या दिवशी माझा पदर डाव्या हाताने धरून ठेवला. तिकडेच जातेस तर त्या बाईची चौकशी करून ये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी कबूल केलं. म्हणजे जाताना माझ्याकडे दोन कामं होती.

टॉवरच्या फाटकावर माझा फोटो काढला, डबा उघडून बघितला, आणि मला सामानाच्या लिफ्टने पाठवलं. कोणत्या मजल्यावर तर पहिल्या. दार मुलीनेच उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, अगं बाई, ह्यांच्या खिडकीसमोरचंच हे घर असेल की काय. पण दिशांचा पत्ता लागेना, आणि मुलगी दुसरी बाजू म्हणाली होती, म्हणून मी तो विचार सोडला.

घराबद्दल खरं सांगायचं तर चांगलं होतं. मी उगाच नावं ठेवणारी नाही. स्वयंपाकघरातलं सिंक असं खोल की त्यात आमचा मोठा टोप आडवा मावेल. ओट्याची उंची बरोब्बर, वाकावं लागत नाही, आणि ती तिने माझ्या पाठदुखीवरून शिकलेली, मला माहीत आहे. कपाटं भिंतीत अशी गडप केलेली की हात लावल्याशिवाय कळत नाही. अभिमान वाटला. पण ओटा पांढराशुभ्र. हळद सांडली की मेलात. तर कळलं की हे स्वयंपाकघर दाखवायचं आहे, फोडणी मागच्या लहान खोलीत होते. देवघर एका कपाटात, उघडलं की आपोआप दिवा लागतो, बंद केलं की देव अंधारात. आणि हॉलमध्ये काचेच्या पेटीत पाटा-वरवंटा, खाली दिवे सोडलेले. गिरणगावची आठवण म्हणून. मी वाकून बघितलं तर पाट्याला टाकी लावलेली नव्हती, नुसता गुळगुळीत. त्यावर मिरी वाटायला बसलात तर संध्याकाळ होईल. पण तोंड बंद ठेवायचं कबूल केलेलं, ठेवलं.

परीक्षक यायचे होते. मुलीने मला आतल्या खोलीत बसायला सांगितलं, म्हणाली या घरच्या आजी आहेत तिथे, तुला सोबत. आत गेले आणि बघते तर पलंगावर पांढरे केस, एवढं कुंकू, साखळीला चष्मा. बाई धडधाकट होत्या. पेपरातलं कोडं सोडवत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला.

त्या मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. मूळ गिरगावच्या, चाळीत जन्म गेला, मुलाने धंद्यात नाव काढलं म्हणून इथे आल्या. आमचं दोन मिनिटांत जमलं. मी म्हणणारच होते की समोरून आमचे हे रोज तुमची वाट बघतात, काळजीने जेवत नाहीत. तेवढ्यात मी सहज विचारलं, हॉलमध्ये काचेशी बसत नाही का आता?

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला सांगितलं की समोरच्या जुन्या लोकांच्या बिल्डिंगीत एक म्हातारा आहे, दिवसभर खिडकीत बसून बघतो. नुसता बघत नाही, एका हाताने खुणा करून बोलावतो. सुनेला सांगितलं तर ती घाबरली. पोलिसांत जायच्या गोष्टी झाल्या. मग ही सोय केली.

“आयुष्यभर लोकांनी बघितलंय हो मला,” त्या म्हणाल्या. “न्हाऊन आलं तरी बघायचे, हातात डबा घेऊन संडासच्या रांगेत उभं राहिलं तरी बघायचे. आता म्हातारपणी तरी कोणी बघू नये, एवढंच वाटतं.”

मला त्या बाईंचा राग येईना. हीच तर चीड आहे. त्या म्हणाल्या ते मी स्वतः भोगलंय, ओले केस घेऊन खालमानेने गॅलरी ओलांडलेली आहे. पण ह्यांचा तो हात मला ठाऊक होता. आमच्याकडे मोठ्या माणसाला दोन्ही हात जोडतात. ह्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो. त्यामुळे नमस्काराचा अर्धाच भाग वर जातो. समोरून बघणाऱ्याला तो बोलावल्यासारखा दिसतो, हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि बाहेरून मुलीची हाक आली. परीक्षक आले होते.

परीक्षक दोघं. एक बाई, केस बारीक कापलेल्या, आणि एक गृहस्थ, पायात मोजे नसलेले. त्यांनी भिंतींना हात लावून बघितलं, दिवे चालू-बंद केले, पाटा-वरवंट्याशी वाकून “वा” म्हणाले. घराची मालकीण मागे उभी होती. माझ्या खापरोळ्या काळ्या दगडाच्या सपाट ताटल्यांत वाढल्या. ताटलीला काठच नाही. नारळाचा रस घरंगळून टेबलावर गेला, तर सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मुलीने मला ‘माझी आई, अस्सल लालबागची’ म्हणून पुढे केलं. लाजली नाही, ते तिच्या बाजूने सांगायला हवं.

मग त्या परीक्षक बाईंनी मुलीला विचारलं, या घरात सगळ्यात अवघड काय होतं?

मुलगी त्या मोठ्या काचेपाशी गेली. काचेवर आतून राखाडी पट्ट्या. तिने समजावून सांगितलं की घराची जागा उत्तम, पण ही बाजू अडचणीची, कारण समोर पुनर्वसनाची इमारत. तिथे एक वृद्ध गृहस्थ सतत खिडकीत असतात, घरच्यांना त्याचा त्रास होत होता. पडदा लावला तर उजेड जातो. म्हणून तिने या पट्ट्यांचा कोन असा काढला की उजेड पूर्ण आत येतो, डावीकडचं आकाश आणि झाडाचा शेंडा दिसतो, पण समोरची ती इमारत नाहीशी होते. आणि तिकडून इकडचं काहीच दिसत नाही. कोन काढायला दोन आठवडे लागले. बोलताना तिचा चेहरा उजळला होता. लहानपणी चित्राला शाबासकी मिळाली की असाच उजळायचा.

परीक्षकांनी पट्ट्यांशी उभं राहून इकडून तिकडून बघितलं. त्यांना ते फार आवडलं. मीही गेले. मान वाकडी केली, टाचा उंचावल्या. आमची खिडकी कुठून दिसते का बघत होते. काम चोख होतं. सात मजल्यांची अख्खी इमारत, तिच्यातली साठ बिऱ्हाडं, वाळत घातलेल्या साड्या, सगळं गायब.

गृहस्थांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी मलाच विचारलं, “आजी, तुम्ही इथल्या जुन्या. तुम्हाला कसं वाटलं घर?”

मुलीने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. डोळ्यांनी हात जोडत होती. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, अगदी नावगावासकट. आयुष्यात पहिल्यांदा ते मी गिळलं.

“घर छान आहे,” मी म्हटलं. “फक्त खिडकीतून समोरचं दिसत नाही.”

ते मनापासून हसले. म्हणाले, तेच तर या घराचं यश आहे.

परीक्षक गेल्यावर मी डबा उचलला आणि सामानाच्या लिफ्टकडे निघाले. मुलगी मागून आली. लिफ्ट येईपर्यंत आम्ही त्या अरुंद बोळात उभ्या होतो, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मी तिला विचारलं की हे लोक पोलिसांच्या गोष्टी करत होते तेव्हा तू कुठे होतीस. तर म्हणाली, त्याच खोलीत होते. तिने आपल्या परीने बरंच केलं होतं म्हणे. पोलिसांचं तिनेच थांबवलं. त्यांना रागावू दिलं नाही, मार्ग काढला, कोणाचं नाव येऊ दिलं नाही.

“मी काय सांगायला हवं होतं, आई? की तो म्हातारा माझा बाप आहे?”

“हो,” मी म्हटलं. “एवढंच सांगायचं होतं. बाकी नमस्कार करतोय हे त्यांना आपोआप कळलं असतं.”

ती रडायला लागली. तिचं काम गेलं असतं, हे ती म्हणाली नाही, पण ते मला कळत होतं. गेलं असतं किंवा नसतंही. ती आजी गिरगावची होती, कदाचित हसली असती, डबाभर लाडू पाठवले असते. कोणी विचारलंच नाही तर कसं कळणार? डोक्यात नुसती तिडीक उठली होती. बापाने हिच्या ड्रॉइंगच्या कागदांसाठी ओव्हरटाइम केला, आणि हिने त्याच कागदावर मोजून मापून बाप पुसला. मी तिचे डोळे पुसले नाहीत. लिफ्ट आली, मी उतरून आले.

घरी हे उशीला टेकून वाट बघत होते. मी म्हटलं, बाई मजेत आहेत, कोडी सोडवतात. त्यांचा चेहरा खुलला. मग पट्ट्यांकडे बोट केलं. मी म्हटलं, ऊन लागतं त्यांना, म्हणून. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्या काचेवर वर्षभरात कधी ऊन पडत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांनी पेज मागितली आणि सगळी प्यायले.

बक्षीस मुलीलाच मिळालं. ती पेढे घेऊन आली, सोबत ट्रॉफी आणि ते मासिक. ट्रॉफी काचेची, जड. मी पेढा घेतला, तोंडात टाकला, चव लागली नाही. ह्यांना मात्र कोण आनंद. डाव्या हाताने तिचं डोकं ओढून जवळ घेतलं. मासिक मांडीवर उघडून द्यायला सांगितलं. दोन पानं भरून त्या हॉलचा फोटो, मधोमध राखाडी पट्ट्या, आणि पट्ट्यांमधून आकाश आणि झाडाचा शेंडा. तो शेंडा आमच्या फाटकाजवळच्या झाडाचा. हे रोज बघतात.

त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं. मग मान वळवून आमच्या खिडकीतून समोर बघितलं. पुन्हा फोटो. पुन्हा समोर. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी पेढ्यांच्या खोक्याकडे.

“माझ्यामुळा?” त्यांनी विचारलं.

मुलीने खाली मान घातली, तेच उत्तर झालं. मला वाटलं आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही आवाज मोकळा केला असता. पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिले.

“बरां केलंस,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “खाट फिरव माझी, बाय. तेंका कित्याक त्रास.”

मी नाही म्हटलं. भांडले. म्हटलं खिडकी आपली आहे, आपण कोणाच्या बापाचं देणं लागत नाही. ते ऐकेनात, उशीवरून स्वतःच सरकायला लागले, पडतील म्हणून आम्हाला धरावं लागलं. शेवटी आम्ही दोघींनी खाट फिरवली. तिने उशाकडची बाजू धरली, मी पायथ्याची. खोली एवढीशी, टेबल बाहेर काढावं लागलं. खाट नीट लागल्यावर मुलीने मागे सरून बघितलं, अगदी तिच्या कामाच्या नजरेने, आणि म्हणाली, “इकडे पंख्याचा वारा चांगला लागेल, बाबा.” त्यांनी मान हलवली.

आता त्यांच्या समोर फ्रिज आहे. ट्रॉफी मी फ्रिजवर ठेवली आहे, घरात दुसरीकडे कुठे जागा नाही. सकाळी दाढी करून दे म्हणून आता ते घाई करत नाहीत.